गिझर दुरुस्त करणारे पाहुणे

गिझर दुरुस्तीला किती खर्च येतो, असं मला कुणी विचारलं तर मी आधी विचारीन, दुरुस्त करणारा तुमच्या नात्यातला आहे का? असला तर खर्च सांगता येणार नाही. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. बोरी बुद्रुकच्या आमच्या घरात दीड वर्षात तीनदा गिझर दुरुस्त झाला आणि त्याला किती पैसे पडले, हे घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात मीही आले, आणि मी तर तेव्हा कॉमर्सला होते.

गिझर घेतला त्या वर्षी टोमॅटोला बरा भाव लागला होता. त्याआधी अंघोळीचं पाणी बंबात तापायचं. आई साडेचारला उठून बंबाच्या नळीत काटक्या घालायची, फुंकायची आणि खोकायची. डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं होतं, धुरापासून लांब राहा. पण गिझर भिंतीवर चढला तेव्हा वडील चारचौघांत म्हणाले, "पोरगी कॉलेजला जाती, तिला येळेवर पाणी नको का?" घरात आजवर कुणी कॉलेजला गेलं नव्हतं, त्यामुळे शिक्षणाला गरम पाणी लागत असेल, असं सगळ्यांना पटलं. आईच्या खोकल्याचं नाव निघालं नाही. बायकोच्या खोकल्यापायी एवढी वस्तू आणली म्हटल्यावर लोक हसले असते. बंब गोठ्यात पोत्याखाली गेला.

आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. तांब्यासुद्धा महिन्यात पांढरा पडतो. सहा महिन्यांत गिझर बंद पडला. वडिलांनी घोडेगावला निरोप धाडला. तिथं माझ्या आत्याच्या दिराचा मुलगा लाइटीची कामं करायचा. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?

घरचा माणूस सकाळच्या एसटीनं आला. दोन वेळा चहा झाल्यावर त्यानं गिझरचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "मामा, कॉइल गेली." मग तो जेवायची वाट बघत बसला. पाहुण्यासाठी गावरान कोंबडी कापलेली, आणि कोंबडी, भाकरी चुलीवरचीच लागते. ज्या धुरातून सुटका व्हावी म्हणून गिझर घेतला, त्याच्या दुरुस्तीपायी आई दुपारभर धुरात बसली. हे फक्त माझ्याच लक्षात आलं असेल असं नाही, पण बोललं कुणी नाही. मीही नाही.

जेवणानंतर त्यानं सगळ्यांना बाहेर काढून मोरीचं दार लावून घेतलं आणि बाहेर येऊन कॉइल बदलली म्हणून सांगितलं. तो निघताना वडिलांनी विचारलं, "काय द्यायचं, पावणं?"

"तुमच्याकडनं काय घ्यायचं, मामा? लाजवता का राव!"

यापेक्षा महागडं वाक्य मी आजपर्यंत ऐकलेलं नाही. वडिलांनी नोटांची घडी त्याच्या खिशात कोंबली. तो एका हातानं त्यांचा हात ढकलत होता आणि दुसऱ्या हातानं खिसा नीट धरत होता. वर टोमॅटोचं एक कॅरेट एसटीच्या टपावर चढलं. पुढच्या दोन खेपाही अशाच झाल्या. फक्त घडी जाड होत गेली, कारण मागच्यापेक्षा कमी दिलं तर पाहुण्याला काय वाटेल!

चौथ्यांदा गिझर बंद पडला तेव्हा वडील वैतागले. शेजारचे काका ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "बंबच बरा व्हता भाऊ. त्याला काय खर्च? जळण फुकट."

जळण फुकट म्हणजे, आणायला आई, फोडायला आई आणि फुंकायला आई. वडिलांनी मान हलवली. मी कशीबशी म्हणाले, "एकदा अजून बघू."

"शेवटचं," वडील म्हणाले. "ह्या टायमाला न्हाई टिकला, तर बंब परत काढायचा."

आई भांडी घासत होती. तिचा हात थांबला आणि परत चालू झाला.

मी गिझरबरोबर आलेलं पुस्तक काढलं. ते इंग्रजीत होतं. डिक्शनरी घेऊन वाचायला दोन दिवस गेले. त्यात लिहिलं होतं, पाणी क्षाराचं असेल तर वर्षातून एकदा टाकी उघडून आतला थर काढावा. मग कॉलेज सुटल्यावर जुन्नरच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. कसं विचारावं याचा विचार करत पाव तास बाहेर उभी राहिले. शेवटी दुकानदारच म्हणाला, "बोला ताई." मी कॉइलची किंमत विचारली. एका गावरान कोंबडीत आणि तिच्यात पाच-दहा रुपयांचा फरक होता.

पाहुणा आला त्या दिवशी चुलीवर रस्सा उकळत होता. त्यानं हत्यारांच्या पिशवीला हात घातला आणि मी म्हणाले, "दादा, खोलायच्या आधी सांगता का, किती होतील? आणि जुनी कॉइल निघाली तर इथंच ठेवा."

तो माझ्याकडं न बघता वडिलांकडं बघून हसला. "मामा, आमची ताई वकील व्हनार का काय?"

"कॉमर्सला आहे मी," मी म्हणाले. खरं तर तो विचारत नव्हता.

"गप ग तू!" वडील म्हणाले. "पावण्याला कुणी भाव विचारतं का?"

पाहुण्याचं मन दुखावलं होतं, पण भूक शाबूत होती. तो पोटभर जेवला, हात पुसले, आणि मग म्हणाला, "असली कॉइल आता मिळत न्हाई, मामा. भंगारात घाला." झाकण उघडं ठेवून तो चार वाजताच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला खोकल्यानं जाग आली. आई बंबापुढं बसली होती. मी शिकले, वाचलं, योग्य तो प्रश्न विचारला, आणि त्यातून निघाला तो धूर. आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

आठवड्यानं स्कॉलरशिपचे पैसे आले. मी जुन्नरच्या त्याच दुकानात गेले आणि या वेळी बाहेर थांबले नाही. दुकानदारानं डिंगोऱ्याचा एक कारागीर पाठवला. तो सायकल भिंतीला लावून दारातच म्हणाला, "यायचे पन्नास, साफ करायचे शंभर. काही बदलायचं झालं तर आधी सांगेन. कबूल?"

कबूल आहे का, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी मागं वळून पाहिलं, तो कुणाला विचारतोय म्हणून. मागं आई होती. ती म्हणाली, "कबूल."

त्यानं चहा घेतला नाही, पाणी घेतलं. मोरीचं दारही लावलं नाही. टाकीतून त्यानं पांढऱ्या खपल्या काढल्या, त्यांनी अर्धं घमेलं भरलं. मग थरात गाडली गेलेली कॉइल ठोकून मोकळी केली. तेवढ्यात वडील मळ्यातून आले.

"कॉइल बदलली का?"

"चांगली आहे. गिझर घेतला तेव्हापासूनची हीच आहे. दर वेळी वरवर खरवडून परत बसवलेली दिसते."

"हीच? आवो, तीन येळा बदलली आमी!"

"कंपनीचा शिक्का आणि तारीख बघा. टाकीवर आणि हिच्यावर एकच."

वडिलांनी कॉइल हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "पोरगा मेहनती हाय पन." थोड्या वेळानं माझ्याकडं वळून म्हणाले, "आत्याकडं ह्यातलं काय बोलायचं न्हाई. पावण्याला वाईट वाटंल."

कारागिरानं दीडशे रुपये मोजून घेतले आणि तो गेला. "माणूस लई कोरडा," वडील म्हणाले. "चासुद्धा न्हाई घेतला."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता वडील खांद्यावर टॉवेल टाकून मोरीपुढं उभे राहिले. पाणी कुणीतरी काढून देईल, म्हणून रोजच्यासारखे थांबले. कुणी उठलं नाही.

"अगं, पाणी?"

आई गोधडीतूनच म्हणाली, "बटन दाबा."

मोरीच्या भिंतीवर तीन बटणं होती. दीड वर्षात वडिलांनी त्यातलं एकही दाबलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर आईनं गोधडीतून हात काढून मला गप्प केलं.

"कोनतं?" वडिलांनी विचारलं.

"तीन तर हायत," आई म्हणाली आणि कूस बदलून झोपली.