ठाकुर्लीत लागेल तो रेडिओ

डोंबिवलीत रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांना दोन मिनिटंही एका जागी बसवत नसे. गिऱ्हाईक बोलत असलं तरी त्यांची बोटं कुठल्यातरी सेटचं बटण फिरवत असायची.

माझा भाऊ आखातात नोकरीला होता आणि तिकडे युद्ध पेटलेलं. परदेशी बातम्यांसाठी मला शॉर्टवेव्हचा रेडिओ हवा होता. त्यातलं काही कळत नसल्याने मी त्यांच्या दुकानातला सर्वांत जास्त बँडचा सेट उचलला.

“बँड काय मोजतोस रे? राहतोस कुठे?”

“ठाकुर्लीला, रुळांलगत.”

“मग इथे ऐकून काय उपयोग? तिथे गाडीच्या तारांची खरखर येणार.”

दुकान बंद करून, दोन सेट पिशवीत टाकून ते माझ्याबरोबर घरी आले. भावाच्या काळजीने आई सकाळपासून जेवली नव्हती, हे मी त्यांना वाटेत सांगितलं होतं. ट्यूबलाइटचीही खरखर येते म्हणून काकांनी ती बंद करायला लावली आणि ते सेट धरून घरभर फिरले. मोठा नुसता खरखरला. लहानावर, मागच्या दाराशी, इंग्रजी बातम्या लागल्या. घरात इंग्रजी कळणारा मी एकटाच. मी आईला एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो.

बातम्या संपल्या.

“भावाच्या गावाचं नाव आलं?” काकांनी विचारलं.

“नाही.”

“मग वहिनी, आता जेवून घ्या,” ते म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायच्या आत चपला घालून निघालेही.