न दिलेली संमती

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे — पण ऐकाच.

नांदेडला पीएच.डी. करताना माधव आणि मी एकाच लॅबमध्ये होतो. दोघंही चुंबकी पावडरींवर काम करायचो. जपानच्या एका लॅबमध्ये सहा महिने जायची संधी आली, जागा एकच. गेला माधव. स्टेशनवर हार घेऊन मीच गेले होते — हो, मीच! पुढे कधीतरी आमच्या गाइड सरांनी सहज सांगितलं, की त्यांच्या मनात माझं नाव होतं. पण माधव म्हणाला, "सर, तिचं लगीन ठरून राहिलंय. घरचे कशाला पाठवतेत?" लग्न? साधं स्थळसुद्धा आलं नव्हतं. आणि सरांनी मला विचारलंही नाही.

दिवस फिरले. मी लातूरच्या कॉलेजात कायम झाले, स्वतःची लॅब उभी केली. माधव तासिका तत्त्वावरच शिकवत राहिला. एक दिवस अर्धापूरची केळी घेऊन दारात हजर. एके काळी 'ए सुनंदा' म्हणणारा, आता 'मॅडम' म्हणत होता. पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी त्याला माझ्या हाताखाली काम करायचं होतं.

"वय संपून राहिलंय मॅडम. यंदा शेवटचाच चान्स हाय."

जपानचा विषय त्यानंच काढला. मी कान टवकारले — आता तरी बोलेल? तो तिथल्या थंडीबद्दल बोलला. त्याला आठवतही नव्हतं हो! तिथंच माझं डोकं फिरलं.

सरळ नाही म्हटलं असतं तर? दुसरीकडे गेला असता. म्हणून तर मी हो म्हणाले.

अर्जात मार्गदर्शक एकच देता येतो, आणि त्यानं साइटवर संमती दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पुण्यातले एक प्राध्यापक माधवला घ्यायला तयार होते. त्यानं मला विचारलं, "त्यांना न्हाई म्हणून कळवू का?"

"कळवून टाक," मी म्हणाले. चहा ओतता ओतता, अगदी शांतपणे.

मग त्याचे फोन सुरू झाले. माझं आपलं — करते की, आज बघते. शेवटच्या दिवशी लॅपटॉप उघडला, त्याचं नाव नीट वाचलं, आणि — मिटून ठेवला. त्याला सांगितलं, साइट बसलीय रे. सरकारी साइट, विश्वास कोण नाही ठेवणार? उलट मलाच म्हणाला, "राहू द्या मॅडम, तुमचा काय दोष."

त्या दिवशी मी पोटभर जेवले.

मागच्या महिन्यात परीक्षक म्हणून नांदेडला गेले, तर तो भेटला. अजून तासिकांवरच आहे. आपल्या विद्यार्थ्यांना म्हणाला, "ह्या मॅडमनी माझ्यासाठी लई खटपट केली." पोरं माझ्या पाया पडली. मी आशीर्वादही दिले.

वाईट वाटलं का? वाटलं ना. हे कुणी केलं ते त्याला कधीच कळणार नाही, याचं वाटलं.