घरी नेण्यास मनाई

दाखल क्रमांक: सात. प्रकार: जिवंत पुस्तक. शीर्षक: 'वर आणि खाली – एका लिफ्टमनचे अनुभव'. आकार: मध्यम, पाठीकडून किंचित वाकलेला. बांधणी: जुनी, परंतु पाने सुटलेली नाहीत. मुखपृष्ठ: धुतलेले, इस्त्री केलेले. दोष: डाव्या कानाने कमी ऐकू येते, उठताना गुडघे वाजतात. ठेवण्याची जागा: बालविभाग, खिडकीजवळची खुर्ची. शेरा: वाचन जागेवरच करावे. घरी नेण्यास मनाई.

शेवटची अट ग्रंथपाल मॅडमनी सगळ्याच जिवंत पुस्तकांना सरसकट लावली होती. लिफ्टकाकांच्या बाबतीत ती घरच्यांनी आधीपासूनच लावलेली होती, फक्त दिवसापुरती.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत संसार आणि बाहेरच्या खोलीत सुनेचं ब्यूटी पार्लर. बायका भुवया कोरून घ्यायला, केस रंगवून घ्यायला येत आणि तोंडाला पांढरा लेप लावून डोळे मिटून बसत. अशा ठिकाणी सासरा काही शोभत नाही. सून वाईट नव्हती. वाईट सुनेशी भांडता तरी येतं. ही रोज सकाळी डबा आणि छत्री हातात देऊन गोड आवाजात म्हणे, "बाबा, अंधार पडल्यावरच या हं. आज एका नवरीचं आहे." नवरीचं नसलं की कोणाच्या तरी साखरपुड्याचं असे. मुलगा पाहुण्यांना सांगे, "आमच्या बाबांना वाचनाचं भारी वेड! दिवसभर लायब्ररीत असतात."

बाबांना वाचनाचं वेड नव्हतं. त्यांना बसण्याचं वेड होतं. उभी हयात त्यांनी एका मोठ्या कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून काढली होती. माणसं उभी राहत, उतरून जात, बढती मिळवून वरच्या मजल्यावर जात. काका तेवढे बसलेले. बसणं हे त्यांचं कसब होतं. निवृत्तीनंतर हे कसब त्यांनी सार्वजनिक वाचनालयाच्या वाचनकक्षात, कोपऱ्यातल्या हाताच्या खुर्चीत चालू ठेवलं. पेपर सकाळीच वाचून होई. मग निधनवार्ता, मग निविदा, मग हरवलेल्या माणसांचे फोटो. त्या फोटोंकडे ते जरा जास्त वेळ बघत. एवढ्या माणसांना कोणीतरी शोधतंय, याचं त्यांना नवल वाटे.

यंदा उन्हाळा लागला आणि वाचनालयाचं नूतनीकरण निघालं. वाचनकक्षाच्या दाराला कुलूप लागलं, वर पाटी आली: 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' काका जिन्यात, एका मोठ्या ताडपत्रीशेजारी बसू लागले. तिथे सिमेंटची पोती उतरत. कामगार म्हणत, "काका, जरा सरका." काका सरकत. दुपारपर्यंत त्यांच्यावर इतकी धूळ बसे की एकदा एक कामगार त्यांनाच उचलायला वाकला होता.

त्या जिन्यातच ते मॅडमना सापडले. मॅडम घाईत होत्या. उन्हाळी शिबिरात मुलांसाठी 'जिवंत पुस्तकं' हा उपक्रम जाहीर झाला होता: खुर्चीत माणूस बसवायचा, मुलांनी कार्ड दाखवून तो घ्यायचा आणि प्रश्न विचारून वाचायचा. सातवं पुस्तक म्हणून ठरवलेल्या पैलवानाला ऐन वेळी कावीळ झाली होती.

"काका, तुम्ही आयुष्यात काय केलंत?" मॅडमनी विचारलं.

"लिफ्ट चालवली."

"म्हणजे वर-खाली?"

"हो. दुसरीकडे ती जात नाही."

मॅडमनी शीर्षक तिथल्या तिथे लिहून घेतलं. मग नियम सांगितला. नव्या वाचनकक्षात परीक्षा देणाऱ्या मुलांनाच प्रवेश. कार्ड टेकवल्याशिवाय दार उघडणार नाही. पण उन्हाळ्यात ज्या जिवंत पुस्तकाला मागणी राहील, त्याला बालविभागात वर्षभराची खुर्ची. "आणि ज्याला मागणी नाही, ते?" काकांनी विचारलं.

"रद्द," मॅडम म्हणाल्या. "जे पुस्तक कोणी नेत नाही, ते शिक्का मारून काढून टाकतो आम्ही. मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांना तोच नियम आहे. जागा लागते ना!"

म्हणजे प्रश्न एका खुर्चीचा होता. काकांनी त्या दिवशी दाढी दोनदा केली.

पहिली वाचक दोन वेण्यांची मुलगी होती. समोर बसून तिने एकदम विचारलं, "लिफ्ट कधी पडली का?"

"नाही."

"अडकली?"

"नाही बाळा. रोज तेल घालायचो मी."

"कोणी मेलं?"

"छे छे!"

मुलगी उठली, काकांचा हात धरून त्यांना मॅडमच्या टेबलापाशी घेऊन गेली आणि म्हणाली, "हे परत. बोअर आहे." तिच्या मागे उभ्या असलेल्या भावाने मग 'साप पकडणारा' हे पुस्तक मागितलं. साप पकडणाऱ्यापुढे रांग होती. निवृत्त नर्सपुढेही होती, कारण तिने बरणीत ठेवलेल्या कापलेल्या अवयवाचं वर्णन चालवलं होतं. काकांकडे नंतर एकच मुलगा आला. तो समोर बसला आणि थोड्या वेळाने त्याने काकांचा उजवा कान हलकेच दुमडला. "खूण ठेवली," तो म्हणाला. "नंतर येतो." आला नाही.

डबा खाताना साप पकडणाऱ्याने काकांना आपला डावा हात दाखवला. करंगळी नव्हती. "काका, मुलांना रक्त लागतं. हे बोट आमच्या मोरीच्या दारात चेंगरलं. इथं मात्र ते नागानं खाल्लंय. कालपर्यंत नाग होता, आजपासून नागीण आहे."

"पण खोटं कसं सांगायचं?"

"मग खरं सांगा. जिना रिकामाच आहे."

दुसऱ्या दिवशी दोन वेण्यांची मुलगी साप पकडणाऱ्याच्या रांगेला कंटाळून इकडे तिकडे बघत होती. काकांनी घसा साफ केला. "ए बाळा. काल एक सांगायचं राहिलं. एक माणूस मेला होता."

मेलेला माणूस शोधायला काकांना लांब जावं लागलं नाही. कचेरीत एक हेडक्लार्क होते. ते काकांना कधी हाक मारत नसत, चुटकी वाजवत. एक चुटकी म्हणजे वर, दोन म्हणजे खाली. काकांनी त्यांना दोन मजल्यांच्या मधे अडकवलं, दिवे घालवले आणि दोर तोडला. मुलगी खुर्चीच्या कडेला सरकली. "मग?" तिने विचारलं. जन्मात काकांना हा शब्द कोणी म्हणालं नव्हतं.

त्यानंतर हेडक्लार्क रोज मेले. सोमवारी दोर तुटून मेले, मंगळवारी दारात टाय अडकून. बुधवारी ते नुसतेच नाहीसे झाले, लिफ्ट उघडली तर आत फक्त चष्मा. खऱ्या आयुष्यात हेडक्लार्क ठणठणीत होते आणि सकाळी बागेत चालायला जात. परवा भेटले तेव्हा त्यांनी काकांना ओळखलंही नव्हतं. त्या दुपारी काकांनी त्यांना दोनदा मारलं.

रांग वाढली. साप पकडणाऱ्याची रांग तुटून इकडे लागली, तसा तो म्हणाला, "काका, गुरूची विद्या गुरूला फळली की हो!" मॅडम खूश होत्या. त्या रोज मागणीचे आकडे वाचनालयाच्या अध्यक्षांना पाठवत. काय सांगितलं जातंय ते ऐकायला त्यांना सवड नव्हती. पुस्तकं उघडून बघत बसलं तर वाचनालय चालवायचं कधी?

मुलं मात्र हेडक्लार्कला विटली. मोठी माणसं मरतातच, त्यात काय. "काका, लहान मुलगा नाही का मेला?" दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं. काका घुटमळले. इथे थांबावं, हे त्यांना कळत होतं. पण तिने लगेच मान वळवून नर्सकडे बघितलं.

"होता एक," काका म्हणाले. "त्याने सगळी बटणं दाबली होती."

लिफ्ट त्याला घेऊन गेली ती अजून उतरतेच आहे, असं त्यांनी सांगितलं. खाली, तळघराच्याही खाली. आणि ती बोलते. बाईच्या आवाजात, अगदी गोड. आत बोलावते.

आवाज कुठून सुचला, कोण जाणे. बहुधा डबा आणि छत्री देतानाचाच असावा.

दोन मुलांनी त्या रात्री गादी ओली केली, असं पुढे कळलं. त्या आठवड्यात मॅडम काकांना म्हणाल्या, "काका, सगळ्यांत जास्त मागणी तुम्हाला! उद्घाटन झालं की खुर्ची तुमची. अध्यक्षसाहेब स्वतः जाहीर करणार आहेत." काकांनी घरी येऊन सांगितलं. सून म्हणाली, "अय्या, वर्षभर? बघा, देवच पावला!" आणि तिने बाहेरच्या खोलीसाठी आणखी एक फिरती खुर्ची मागवली.

उद्घाटनाच्या दिवशी काकांनी लग्नातला कोट घातला. इमारत लग्नाच्या मांडवासारखी नटली होती. नवे दिवे, नव्या काचा, आणि दर्शनी भागात फीत बांधलेली एक चकचकीत वस्तू. काकांनी ती लांबूनच ओळखली.

लिफ्ट होती. शिबिराआधी जिन्यात ते ज्या ताडपत्रीशेजारी बसत, तिच्यामागे ती उभी राहत होती. अध्यक्षांनी ती स्वतःच्या आईच्या नावाने दिली होती. आई हयात होत्या, चाकाच्या खुर्चीत बसून पहिला फेरा मारायला आल्या होत्या. बटण दाबायचा मान अध्यक्षांच्या नातीचा.

नात म्हणजे दोन वेण्यांची मुलगी.

शिबिराची सगळी मुलं रांगेत उभी होती. अध्यक्षांनी फीत कापली. आजींची खुर्ची आत ढकलली गेली, नात अंग चोरत त्यांच्या मागे गेली, आणि लिफ्टमधून बाईच्या आवाजात, अगदी गोड, शब्द आले: "आत यावे. दार बंद होत आहे."

नातीने किंकाळी फोडली. बाहेर पळायच्या धडपडीत तिचा तळहात बटणांवरून वरपासून खालपर्यंत फिरला. मागची रांग फुटली. मुलं एकमेकांना तुडवत पळाली, एकाने मॅडमच्या साडीत तोंड लपवलं, आणि दार शांतपणे बंद होऊन लिफ्ट अध्यक्षांच्या मातोश्रींना घेऊन वर निघून गेली.

सगळी बटणं दाबली गेली होती. ती प्रत्येक मजल्यावर थांबत गेली. खाली मुलं एका सुरात रडत होती, "आजी गेल्या! आजी गेल्या!" अध्यक्षांनी हे ऐकलं आणि ते जिना चढत सुटले.

काका पुढे झाले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ते लिफ्टसमोर उभे राहून बोलले. "बाळांनो, घाबरू नका! लिफ्ट अशी पडत नसते. काही होत नाही. सगळीकडे थांबेल आणि येईल खाली."

"खोटं बोलताय काका!" मुलं ओरडली.

लिफ्ट खाली आली. दार उघडलं. आजी आत स्वस्थ बसल्या होत्या. "छान आहे," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी कोणी सोबतीला नव्हतं. पुन्हा जाऊ का?"

त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. अध्यक्ष धापा टाकत परत आले होते. "कोणी भरवलं हे मुलांच्या डोक्यात?" त्यांनी विचारलं. सगळी बोटं एका दिशेला वळली. साप पकडणाऱ्याचंही, जी होती त्यांतलं एक.

"साहेब," काका म्हणाले, "आमच्या लिफ्टमध्ये कधीच कोणी मेलं नाही. ती कधी अडकलीसुद्धा नाही. मी सगळं मनानं रचलं."

आता मुलं खरी रडली. "म्हणजे चुटकीवाले साहेब मेले नाहीत?" नातीने विचारलं. काकांनी ते कबूल केलं. ती त्यांच्याकडे, फसवून विकलेल्या खेळण्याकडे बघावं, तशी बघत राहिली.

अध्यक्षांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी काकांकडे पाहिलं. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे असलं सांगायला?" त्या म्हणाल्या. "मागणी मागणी म्हणून काहीही?"

मग कार्यकारिणीची बैठक झाली. मुलं लिफ्टमध्ये पाऊल टाकायला तयार नव्हती. लाखमोलाची देणगी रिकामी वर-खाली करत होती. भीती घालवायला आत कायम एक प्रेमळ, वडीलधारा माणूस बसवावा, असं ठरलं. त्याला स्टूल द्यावं, असंही ठरलं.

ही बातमी काकांना शिपायाने सांगितली. काका दुसऱ्या दिवशी लग्नातला कोट घालून दारात हजर. आपण हात दाखवून अवलक्षण केलं खरं, पण अवलक्षणातून स्टूल निघालं, असं त्यांना वाटत होतं. "मॅडम, हेच तर मी जन्मभर केलं," ते म्हणाले. "आणि ती बोलणारी बाई बंद ठेवली तरी चालेल. मी सांगत जाईन मजले."

मॅडम टेबलावरचे कागद नीट करत होत्या. "काका, तुमच्या भीतीने मुलं येत नाहीत आणि तुम्हालाच आत बसवू? ती जागा भरली."

लिफ्टचं दार उघडलं. आत स्टुलावर साप पकडणारा बसला होता. मुलांना त्याचा फार लळा होता. त्याने करंगळी नसलेला हात वर केला. "काका, वर यायचंय का?"

"नाही," मॅडमच म्हणाल्या. "कार्ड नाही त्यांचं."

काका भर दुपारी घरी गेले. बाहेरच्या खोलीत दोन बायका तोंडाला लेप लावून नव्या खुर्च्यांवर फिरत होत्या. सून दारातच आडवी आली. "अगंबाई, बाबा! एवढ्यात?" मग आवाज खाली आणून, गोडच, म्हणाली, "आजचा दिवस कुठेतरी बसा ना. आज नवरीचं आहे." या वेळी खरोखरच होतं.

वाचनालयाच्या नोंदीत फेरफार झाला तो असा. दाखल क्रमांक: सात. स्थिती: रद्द. कारण: मजकूर बालवाचकांस अपायकारक व वस्तुस्थितीशी विसंगत. शिक्का मारला. ठेवण्याची जागा: निरंक.

काका आता वाचनालयासमोरच्या बसथांब्यावर बसतात. बस आली की ते चढत नाहीत, आणि ड्रायव्हर त्यांना शिवी देतो.