परतीची नळी
काल नरपडला आमच्या चिकूच्या वाडीत कोणीतरी व्हॉल्व्ह बंद ठेवूनच पंप चालू केला, आणि त्याच्या तापलेल्या रंगाचा वास नाकात शिरताच मला एक जुना दिवस आठवला. अणुवीज केंद्रात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. बाकी सगळं बंद पडलं तर अणुभट्टीला थंड पाणी द्यायचं, एवढ्यासाठीच ठेवलेल्या पंपाची त्या दिवशी चाचणी होती. चाचणीत भट्टीकडे जाणारी मोठी वाट बंद असते. थोडं पाणी एका बारीक नळीतून टाकीत परत जातं, नाहीतर पंप तेच पाणी घुसळत तापतो आणि स्वतःचंच वाटोळं करून घेतो. मी सवयीने त्या नळीला हात लावला. "काय रे भाऊ, पाया पडतो काय तिच्या?" वेवजी गावचा माझा सोबती हसला. नळीत धडधड नव्हती. पंपाच्या पोटात मात्र खडी फिरल्यासारखा आवाज येऊ लागला होता. हा आज मोडला आणि उद्याच गरज पडली तर? कंट्रोल रूमला फोनवर कसंबसं म्हणालो, "साहेब, बंद करा, पाणी परत जात नाहीये!" पंप थांबला. नळीवरचा व्हॉल्व्ह अडकला होता, पण पंप वाचला. साहेब धावत आले आणि म्हणाले, "शाब्बास, जागा सोडली नाहीत!" पाय हलले असते तर मी केव्हाच गेटबाहेर असतो. घरात याला अजून माझं धैर्य म्हणतात, आणि मीही कोणाचा गैरसमज दूर करायला गेलेलो नाही.