पार्सिपनीतलं न्यूरेंबर्ग

माणसं चालायला निघतात ती कुठेतरी पोहोचायला. दुकानात, देवळात, नाहीतर डॉक्टरने सांगितलं म्हणून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत घरी. आमचे व्याही हे माझ्या पाहण्यातले एकटेच गृहस्थ, जे रोज सकाळी अमेरिकेत, पार्सिपनीत घराबाहेर पडायचे आणि जर्मनीत पोहोचायचे. आणि स्वतः जाऊन भागत नव्हतं, मलाही न्यायचे. अजून आठवलं तरी माझं डोकं तापतं.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे, स्वातीचे वडील. ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यातली. मी मुलाकडे आले होते, ते मुलीकडे आले होते, आणि घर एकच. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, माझे यजमान तर त्याआधीच गेले होते. म्हणजे मुलगा-सून कामाला गेली की दिवसभर घरात आम्ही दोघं, आणि दोघांच्या मध्ये त्यांची रीतभात. मी सोफ्यावर बसेपर्यंत हे उभे. मी पाणी प्यायला उठले तरी हे उठून उभे. एकदा मी कंटाळून म्हटलं, अहो, तुमच्या गुडघ्यांची दया येऊन मला तहान लागेनाशी झाली आहे. तर म्हणाले, "वरमाईचा मान आहे, विहीणबाई. लग्नात तुमचा राहिलाच."

लग्नात मी मानपान घेतला नव्हता हे खरं. पाय धुणं नको, विहिणीची पंगत नको, काही नको म्हटलं होतं. कारण एवढंच, की गुरुजींनी फार लांबवलं होतं आणि मला भूक लागली होती. व्याह्यांनी मात्र तो माझ्या मनाचा मोठेपणा ठरवला आणि चहाच्या प्रत्येक कपाबरोबर मला ऐकवत राहिले.

तर जर्मनी. तरुणपणी हे पुण्यात एका कारखान्यात होते. तिथली काही माणसं शिकायला न्यूरेंबर्गला पाठवायची ठरली, म्हणून यांनी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन भाषा शिकून घेतली. नव्या मोजड्यांसारखी जपली. आणि ऐन वेळी गेला साहेबाचा भाचा, ज्याला जर्मनमधलं ओ की ठो येत नव्हतं. व्याही ते कधी रागाने सांगत नसत. मलाच राग यायचा. मी म्हणायचे, तेव्हा भांडायचं होतं. ते म्हणायचे, "भाचा चांगला मुलगा होता हो." अशा माणसाचं काय करायचं?

आता म्हातारपणी त्यांनी लेकीकडे एकच मागितलं होतं. पुण्याला परत जाताना वाटेत दोन दिवस उतरून ते गाव पाहायचं, आणि तेही एकट्याने. तिकीट, व्हिसा सगळं झालं होतं. वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत त्यांना एक पुस्तक मिळालं होतं. आपलं आपण पायी गाव कसं पाहायचं, ते त्यात नकाशा आणि नंबर घालून दिलं होतं. एक नंबर वेशीचा बुरूज, दोन नंबर मोठं चर्च, तीन नंबर पूल, चार नंबर बाजारातलं कारंजं, असं करत शेवटी टेकडीवरचा किल्ला. गाईड घेणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा. ते एवढे मवाळ, पण या बाबतीत जीभ तिखट. "छत्री वर धरून एक बाई पुढे चालते आणि मागून मेंढरं. तिने डावीकडे बघा म्हटलं की डावीकडे. त्याला काय बघणं म्हणतात, विहीणबाई?"

मग तयारी म्हणून त्यांनी ते अख्खं गाव आमच्या वस्तीवर पसरलं. अपार्टमेंटचं फाटक म्हणजे वेशीचा बुरूज. पेट्रोल पंप म्हणजे मोठं चर्च. हमरस्त्याखालून जाणारा नाला ही नदी. देशी किराणावाल्यासमोरचं पार्किंग हा बाजार, आणि त्याच्या कडेला आगीच्या बंबाला पाणी पुरवणारा जो लाल नळ आहे, ते कारंजं. टेकडीवर गावाची पाण्याची टाकी आहे, तो किल्ला. मी म्हटलं, टाकीला किल्ला कसं म्हणता? तर म्हणे, तिथल्या किल्ल्यात फार खोल विहीर आहे, इथे टाकी आहे, पाणी दोन्हीकडे आहेच. जुन्या शहराचा मान राखायचा म्हणून जुलैच्या उन्हात हे टाय बांधून निघायचे. मी साडीवर महेशचे जुने बूट घालून मागून. महेश म्हणजे माझा मुलगा. त्याचे बूट मला मोठे, त्यात मोजे कोंबायचे, आणि रस्त्यातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीने आमच्याकडे मान वळवून बघायचं.

प्रत्येक नंबरला उभं राहून पुस्तकातला मजकूर मोठ्याने वाचायचा, आधी इंग्रजीत, मग माझ्यासाठी मराठीत. पेट्रोल पंपावर लोक गाडीत तेल भरून घेताहेत आणि हे खांबाकडे हात करून सांगताहेत की हे शिखर लढाईत पडलं होतं, पुन्हा बांधलं. मी चौथी शिकलेली बाई, पण पडलेलं शिखर आणि हवा भरायचं यंत्र यातला फरक मला कळतो. मी दोन मिनिटं ऐकायचे आणि म्हणायचे, पुरे, आता पुढे चला. मग ते हसून पुस्तक मिटायचे आणि पुढे चालायला लागायचे.

सगळ्यात कहर बाजारातल्या घड्याळाचा. न्यूरेंबर्गच्या त्या चौकात म्हणे एक घड्याळ आहे, दुपारी बारा वाजले की त्यातून सात राजे बाहेर येतात आणि सम्राटाभोवती फिरतात. आमच्याकडे घड्याळ कुठलं? तर किराणावाल्याशेजारच्या बँकेच्या पाटीवर वेळ दिसते. गाडीतून न उतरता पैसे काढायला त्या बँकेला मागून एक खिडकी आहे, आणि तिथे जायला गाड्या बँकेला वळसा घालतात. त्या गाड्या म्हणजे राजे. रणरणत्या उन्हात टाय सरळ करून हे पाटीसमोर उभे, आणि मी शेजारी पदर डोक्यावर घेऊन. "आज पाचच आले," असं म्हणून हे हिरमुसायचे. एकदा आठवी गाडी आली तर म्हणाले, "हा भाचा असेल." तेवढं एकदाच मी हसले.

मी का जात होते? कारण स्वाती त्यांना एकटं सोडायला तयार नव्हती. तिच्या मनात भीती बसली होती, आणि उगाच नाही. मेमध्ये आम्ही एडिसनला ओक ट्री रोडवर खरेदीला गेलो होतो. हे पिशव्या घेऊन पुढे गेले आणि आमच्यासारख्याच दुसऱ्या चांदीच्या रंगाच्या गाडीत बसले. पट्टा लावला आणि झोपले. आम्ही तासभर रस्ताभर शोधतोय. शेवटी एका गुजराती कुटुंबाने त्यांना उठवून ढोकळा खायला दिला, तो खात असताना सापडले. तेव्हापासून लेक म्हणायची, हे परदेशात एकटे कसे फिरतील? आणि हे म्हणायचे, पाठ करून दाखवतो. रोजची परेड त्यासाठी होती. जायला महिना उरला होता.

आणि त्यातच पोलीस आला. न्यूरेंबर्गच्या त्या खऱ्या, चार नंबरच्या कारंज्याला लोखंडी जाळी आहे, त्यात एक कडी आहे, ती फिरवून मनातली इच्छा मागायची असते. व्याही रोज त्या लाल नळाच्या झाकणाची साखळी फिरवायचे. मी सांगून थकले की हे बंबवाल्यांचं आहे, हात लावू नका. त्या दिवशी पोलिसाची गाडी येऊन थांबली. पोरगेला पोलीस, चांगला बोलला. हरवलात का, म्हणून विचारलं. घरचा पत्ता सांगायचा, की झालं. पण नाही. यांनी टाय नीट केला आणि इंग्रजीत त्याला समजावलं, की आम्ही हरवलेलो नाही, आम्ही चार नंबरवर आहोत. पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. त्याने आम्हाला मागच्या सीटवर बसवून घरी आणून सोडलं. माझ्या अख्ख्या जन्मात मी पोलिसाच्या गाडीत बसले नव्हते.

संध्याकाळी स्वातीने बापाला काही म्हटलं नाही, मला सांगितलं. "आई, मी बाबांचा स्टॉपओव्हर कॅन्सल करतेय. डायरेक्ट फ्लाइट, व्हीलचेअर, आणि मुंबईला दादा घ्यायला येईल. फायनल." व्याही पलीकडेच होते. एवढंच म्हणाले, "हो, बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये आले तर हे बसूनच राहिले. उठले नाहीत. मी उगाच दोनदा आतबाहेर केलं. तरी नाही. टाय नाही, पुस्तक कुठे दिसेना, टीव्हीकडे तोंड, आणि टीव्ही बंद. मला त्यांच्या उठण्याचा एवढा वैताग होता, आणि आता ते उठले नाहीत तर मला असा काही संताप आला की हातातला चहा सांडला.

रात्री जेवण झाल्यावर मी महेशला आणि स्वातीला टेबलाशी थांबवलं. म्हटलं, लग्नातला माझा मान राहिलाय, तो मला आज पाहिजे. स्वातीला वाटलं साडी, नाहीतर पाटल्या. म्हणाली, "आई, आत्ता? लग्नाला सहा वर्षं झाली."

"मागायला मुदत असते का? तुझ्या बाबांचं तिकीट होतं तसं ठेव. तोच माझा मान."

ती रडवेली झाली. "आणि ते हरवले तर? मला आता एकच बाप राहिलाय, आई."

"त्या बापाला दोनच दिवस पाहिजेत. एवढी वर्षं थांबलाय. आणि हरवायचंच असेल तर हौसेच्या गावात हरवू दे, ओक ट्री रोडवर कशाला?"

महेश खाली मान घालून हसला, आणि तो हसला म्हणून ती त्याच्यावर चिडली, आणि चिडली म्हणून मला कळलं की काम झालं. सकाळी मी हॉलमध्ये आले तेव्हा व्याही टाय बांधून उभे होते.

ऑगस्टच्या शेवटी गेले. गेल्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी सहा वाजून गेले असतील, मी चहा टाकला होता आणि फोन वाजला. स्वाती वर आंघोळीला गेली होती. तिकडे भर दुपार. "विहीणबाई, राजे आले. सातही आले."

मी म्हटलं, छान झालं, आता किल्ल्याकडे चला. मग म्हणाले, "एक सांगू? मी सकाळी वेशीशी उभा राहिलो, एक नंबर मोठ्याने वाचला. सगळा वाचला. कोणी पुरे म्हणालं नाही. पुन्हा वाचला. मला तिथून पुढे जाताच येईना. तेवढ्यात एक बाई पिवळी छत्री घेऊन निघाली होती."

मला काय वाटलं असेल सांगा. उन्हाळाभर मी उन्हात भाजले, मोजे कोंबून बूट घातले, पोलिसाच्या गाडीत बसले, होता नव्हता तो मान खर्च करून टाकला, आणि हा गृहस्थ छत्रीमागे. मी म्हटलं, "अहो, मेंढरू झालात की तुम्ही."

"हो," म्हणाले. "पण कडेचं आहे, विहीणबाई. ती डावीकडे म्हणाली की मी उजवीकडे बघतो." आणि हसले. मागून त्या बाईचा आवाज येत होता. तिने सगळ्यांना बोलावलं असावं, कारण यांनी घाईने फोन ठेवला.

स्वाती केस पुसत खाली आली. "बाबांचा फोन होता ना? ओके आहेत ना? एकटे नीट फिरतायत?"

मी चहा गाळत होते. म्हटलं, हो, एकटेच फिरताहेत.

दुपारी मी महेशचे बूट घातले आणि बाजारात गेले. बँकेच्या पाटीवर बारा वाजले. गाड्या आल्या, वळसा घालून गेल्या. मी मोजल्या नाहीत, मोजून सांगायचं कोणाला? उभी राहिले तशीच. ऊन चढलं, किराणावाल्याने दारातून डोकावून पाहिलं, तरी पाय निघेना. शेवटी मीच मोठ्याने म्हटलं, पुरे, आता पुढे चला.