हजेरीमामा

हजेरीमामा कधी दार वाजवायचा नाही. फाटकापाशी उभा राहून हातातली काठी दगडावर दोनदा आपटायचा आणि ओरडायचा, "कोन कोन हाय घरात?" मग आतल्या प्रत्येकाने ओ द्यायची. एकाने दुसऱ्याच्या वतीने दिलेली चालायची नाही. सगळ्यांचं "हाय मामा" ऐकल्याशिवाय तो पुढच्या घराकडे हलायचा नाही. दिवेलागणीच्या आधी अकरा घरांची हजेरी अशी रोज. त्याला अक्षर येत नव्हतं, पण अकरा घरांतली माणसं तोंडपाठ होती.

मी चौथीत शाळा सोडली. लिहिण्याची सवय नाही. पण माझी बायको सरू गेल्या पौषात गेली आणि मामाविषयी बोलायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो आहे.

हे सगळं लढाईच्या काळातलं. नगर शहर तेव्हा वेशीच्या आत, आणि आम्ही वेशीबाहेर, सावेडीच्या वाटेवर. माळावर नवे प्लॉट पाडले होते. खडक, निवडुंग, एक विहीर आणि अकरा घरं. शहरातले लोक हसायचे, म्हणायचे, "कोल्ह्यांचा शेजार बरा आहे ना?" वाळत घातलेली लुगडी जायची, कोंबड्या जायच्या, एकदा तर चुलीवरचं पातेलं आमटीसकट गेलं. तेव्हा सगळ्यांनी मिळून रखवालदार ठेवला. घरटी रोज एक भाकरी आणि सुगीला ज्वारी.

काटक माणूस, डोक्याला विटलेलं तांबडं मुंडासं, चालताना पावलाचा आवाज नाही. भाकरी उभ्यानेच खायचा. सरू म्हणायची, "मामा, टेका की जरा." तो म्हणायचा, "राखनदार बसला की चोर उठतो, बाई." कोणी शिंगणापूरचं कौतुक सांगितलं, की तिथे घरांना दारं नाहीत तरी चोरी होत नाही, तर हा म्हणायचा, "तितं देव राखतो. हितं देवाला सवड न्हाई, म्हून म्या."

हा आमचा राखणदार सरकारदरबारी चोर होता. त्याने कोणाची काडी उचलली नव्हती. पण इंग्रजांच्या कायद्याने त्याच्या जमातीवरच जन्मापासून चोर म्हणून शिक्का. रोज दिवे लागले की वेशीतल्या चौकीवर जायचं, जमादाराने नाव पुकारलं की समोर उभं राहायचं. एक दिवस चुकला की तुरुंग. म्हणजे आधी आमची हजेरी घ्यायची आणि मग स्वतःची द्यायला पळायचं. "उजेड हाय तवर मी साव," तो हसत सांगायचा, "दिवं लागलं की चोर. चौकीवरनं आलो की फिरून रातभर साव." शेजारच्या मास्तरीणबाईंनी त्याला हजेरीमामा नाव ठेवलं ते यावरून.

सरू लग्न होऊन आली तेव्हा परक्या पुरुषाला मोठ्याने ओ द्यायला लाजायची. आतूनच बांगड्या वाजवायची. मामा म्हणायचा, "बांगड्या हजर हायेत. बाई कुटं हाय?" ती हसायची, पण बोलायची नाही. मग त्याने बांगड्यांचीच ओ धरली. दोनदा किणकिण झाली की म्हणायचा, "लागली हजेरी."

एका संध्याकाळी बांगड्या वाजल्या नाहीत. मी मिलिटरीच्या वर्कशॉपात फिटर होतो, पाळी दुपारची. सरूला सातवा महिना. मामाने दगडावर काठी दोनदा आपटली, चारदा आपटली. मग तो घराला वळसा घालून मागे गेला. सरू धुण्याच्या दगडापाशी पडली होती, शुद्ध नव्हती, घागर फुटलेली. त्याने मास्तरीणबाईंना हाक मारली, वेशीपर्यंत धावत जाऊन टांगा आणला आणि स्वतः टांगेवाल्याशेजारी बसला. दवाखान्याची वाट चौकीवरूनच जाते. दिवे लागले होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, "मामा, उतरा, नाव सांगून या. दोन मिनिटांचं काम." मामा म्हणाला, "तितं रांग असती, बाई. नाव काय पळून जातंय व्हय? हाक रे टांगा."

सरू वाचली. पोटातली पोरही वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दवाखान्याच्या फाटकात उभा. बरोबर शिपाई. "मिस्तरी," तो म्हणाला, "जमादार म्हनतो, खरं असंल तर बाईच्या नवऱ्याला आन. कागद आज सांजच्याला वर जायाचा हाय. तुमी निस्तं तोंडानं सांगायचं, दुसरं काय न्हाई."

मी म्हणालो, "दुपारी कामावर जाताना येतो."

गेलो नाही. वर्कशॉपातला एक जुना माणूस म्हणाला होता, "चौकीच्या कागदावर नाव चढलं, की मिलिटरी तुला ठेवत नाही." मी घाबरलो. दुसरं कारण नाही. माणूस मागाहून कारणं शिवत बसतो. मी शिवणार नाही. मामा संध्याकाळपर्यंत चौकीच्या ओट्यावर बसून जमादाराला सांगत होता म्हणे, "येत्यात, मिस्तरी येत्यात." त्याला दोन महिन्यांची शिक्षा झाली.

सरू घरी आली. संध्याकाळ झाली, काठी वाजली नाही. तिने विचारलं, मी सांगितलं. माझ्याकडे बघत म्हणाली, "तोंड काय भाड्यानं दिलं होतं तुमचं?" दुसऱ्या दिवशी पोटुशी बाई चालत चौकीवर गेली. परपुरुषाला ओ न देणारी माझी बायको जमादारासमोर उभी राहून बोलली. जमादार म्हणाला, "कागद गेला बाई. त्याच दिवशी यायचं होतं."

ते दोन महिने संध्याकाळ झाली की वस्ती गप्प व्हायची. दारं होती, कड्या होत्या, पण कोण घरात आहे आणि कोण नाही, याची कोणाला काळजी नव्हती. सरू दिवा लावून उंबऱ्यात उभी राहायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची.

मग एक दिवस काठी वाजली. "कोन कोन हाय घरात?"

सरू पहिल्यांदा मोठ्याने म्हणाली, "मी हाय मामा!"

मी दाराआड होतो. वाटलं, जाईल पुढे. गेला नाही. थांबून राहिला. मग म्हणाला, "मिस्तरी न्हाईत व्हय?"

आयुष्यात अवजड लोखंड पुष्कळ उचललं. त्या एका शब्दाइतकं जड काही उचललं नाही. म्हणालो, "हाय मामा."

"बास. लागली हजेरी," तो म्हणाला आणि पुढच्या घराकडे गेला. त्यावर पुन्हा कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

स्वराज्य आलं, आणि थोड्या वर्षांत तो कायदाही गेला. मामा सांगायला आला. सरूने हातावर गूळ ठेवला. तो गूळ हातातच धरून उभा. म्हणाला, "सुटलो खरा. पर इतकी वर्सं रोज कुनीतरी माजं नाव पुकारत हुतं. शिव्या घालून का हुईना. आता सांजच्याला जीव कुटं न्यावा?" त्या दिवसापासून सरू आमची ओ देऊन झाली की उलट विचारायची, "आणि तुम्ही, मामा?" तो म्हणायचा, "हाय की."

पुढे नजर गेली तसा तो खर्ड्याकडे लेकीच्या गावी निघून गेला. जायच्या दिवशी भर सकाळी अकरा घरांची हजेरी घेतली. परत दिसला नाही.

त्याची हजेरी मग सरूने चालवली. दिवा लावला की म्हणायची, "कोण कोण हाय घरात?" मी कुठेही असलो तरी "हाय" म्हणायचो. पोरगी लांब दिली, माळावर इमारती झाल्या, तरी हे चुकलं नाही. पन्नासच्या वर वर्षं.

आता आमच्या इमारतीला वॉचमन आहे, वही आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला सही करायला लावतात. आत राहणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

काल दिवा मी लावला आणि मीच विचारलं, "कोण कोण हाय घरात?" मीच "हाय" म्हणालो. पण मामा असता तर तो हलला नसता. फाटकापाशी उभा राहिला असता, बांगड्या वाजायची वाट बघत.