पाणकणसातली शिट्टी

लीथ,

तुला पुरून आठवडाही झाला नाही आणि शिकारी क्लबवाले माझ्या मागे लागलेत: "दिराबद्दल चार ओळी लिहून द्या." त्यांच्या चार ओळी देऊन टाकल्या. उरलेलं तुलाच सांगते.

फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये तू पडद्यावर उडती बदकं ओळखायला दाखवायचास आणि शिकारीच्या परवान्याच्या परीक्षेला बसणाऱ्यांची भंबेरी उडायची. "ठिपक्यांचं आहे ते, संरक्षित. पाडलंस तर परवाना जाईल, वर मी तुझ्या आईला सांगेन ते वेगळंच." शिसं नको, स्टीलचेच छर्रे. पाडलेला पक्षी शोधून आणायचाच. घरी नेईपर्यंत त्याचा एक पंख अंगावर राहू द्यायचा, म्हणजे तपासणाऱ्याला जात कळते. हे सगळं हसत हसत. मग छातीपर्यंत येणारे रबरी बूट उचललेस की तुझा आवाज उतरायचा. "वरून पट्टा आवळा. आत पाणी शिरलं की माणूस वर येत नाही."

तुझ्या भावानं, माझ्या नेव्हनं, पट्टा बांधला नव्हता.

हंगामाची पहिली पहाट होती. टॅनरच्या दलदलीत तू लपून बसायच्या अलीकडच्या आडोशाला, नेव्ह पाणकणसाच्या उंच गवतापलीकडच्या. बदकांना बोलावायची त्याची लाकडी शिट्टी वाजायला लागली. एक जण बोलावत असला की दुसऱ्यानं हलायचं नाही, बोलायचं नाही, फक्त आभाळाकडे बघायचं, हा तुमच्या वडिलांचा नियम. तू बघत बसलास. शिट्टी बराच वेळ वाजली आणि थांबली. "आज रंगात आलाय बेटा," असं तुझ्या मनात आलं होतं. हे तूच मला सांगितलंस, त्याच्या दफनानंतर, हातातलं सँडविच न खाता.

नेव्ह दलदलीतल्या खोल खड्ड्यात बुडालेला सापडला. गळ्यात शिट्टी नव्हती.

तू बंदूक विकलीस, तरी दर हंगामाला आडोशात जाऊन बसायचास. एकदा मलाही नेलंस.

"ऐकलंस, युना?"

"बदक आहे."

"बदक शेवटी सूर असा ओढत नाही."

"लीथ, मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलंय. मला बदक कळतं."

"मग मान का वळवलीस?"

आवाज मध्येच थांबला होता, जणू श्वास घ्यायला, आणि परत सुरू झाला होता.

परतताना गाडीत म्हणालास, "शिट्टी त्याच्या आडोशापाशी सापडली, तर त्यानं ती काढून ठेवली होती. म्हणजे मी ऐकली ती खरी बदकंच. पण खड्ड्यात सापडली, तर तो मला..."

"पुरे," मी म्हटलं. दलदल आटली की दोघांनी जाऊन शोधायचं, एवढं मात्र ठरलं.

दुष्काळात ती आटली. तळाला भेगा पडल्या, मेंढ्या आरपार चालत गेल्या. तू माझ्या कुंपणाशी यायचास.

"आज वारा फार आहे."

"हो. आणि माझे गुडघेही धरलेत."

"उद्या बघू मग."

"उद्या बघू."

उन्हाळाभर हेच चाललं. मग कालव्यातून दलदलीत पाणी सोडलं. ते चढताना आपण तुझ्या गाडीत बसून बघत होतो. पाणी पाणकणसापर्यंत पोचलं, तेव्हा तू तुझ्या बाजूची काच वर केलीस. मीही माझी केली.